घरी असलेली पंधरा वर्षं

अनुष्काने पेनचं टोपण दातांनी काढलं आणि आईच्या कागदावर, आईला न विचारताच, ठसठशीत अक्षरात लिहून टाकलं: 'बाळंतपणं. पंधरा वर्षांचा अनुभव.'

"काय लिहिलंस?" विभावरी ओट्यापाशी भेंडी पुसत होती.

"'तुम्हाला आधीपासून काय चांगलं येतं?' असं विचारलंय. मग काय लिहू? भेंडी?"

"खोड ते."

"पेनने लिहिलंय."

विभावरीने हात पुसले, ड्रॉवरमधून ट्विंकची, म्हणजे व्हाइटनरची, बाटली काढली आणि त्या पंधरा वर्षांवरून पांढरा ब्रश फिरवला. एकदा फिरवून भागेना, म्हणून पुन्हा एकदा. मग फुंकर घालत बसली.

सेहेचाळिसाव्या वर्षी विभावरी पुन्हा कॉलेजात चालली होती. साताऱ्यात तिचं स्वतःचं प्रसूतिगृह होतं. ऑकलंडला आल्यावर इथली डॉक्टरांची परीक्षा तिने दोनदा दिली, दोनदा थोडक्यात हुकली, आणि तिसऱ्यांदा बसायचं नाव तिने काढलं नाही. आता सोमवारपासून नर्सिंगचं पहिलं वर्ष. त्याआधी आज पाच वाजता 'फानाउ इव्हनिंग', म्हणजे घरच्या एका माणसाला घेऊन यायचं, वर्षभराचे गोल, म्हणजे उद्दिष्टं, लिहून आणायचे आणि सगळ्यांसमोर वाचायचे. बाबा वेलिंग्टनला कॉन्ट्रॅक्टवर, त्यामुळे घरचं माणूस म्हणजे अनुष्काच. तिला काय, उत्साह उतू चालला होता. यंदा ती शाळेच्या शेवटच्या वर्षाला होती, डिबेटिंग टीमची कॅप्टन होती आणि जगातला कुठलाही कागद आपण भरू शकतो असं तिला वाटत होतं.

"बरं, गोल नंबर एक. सगळ्या पेपरांत ए प्लस."

"बी प्लस लिही."

"आई! तू एम.डी. आहेस. ॲनाटॉमी तुला झोपेत येते."

"म्हणूनच बी प्लस. ए प्लस मिळाला की विचारतील, बाई, तुम्ही शिकलात कुठे?"

"मग सांगायचं!"

विभावरी पुन्हा भेंडीकडे वळली. "गोल दोन लिही. सांगतील तेवढंच करणं."

अनुष्काने पेन खाली ठेवलं. "तू फॉर्ममध्ये काय लिहिलंयस नक्की?"

विभावरीने भेंडी चिरायला घेतली. मग सुरीकडे बघतच म्हणाली, "बारावी पास. माझी मैत्रीण आशालता म्हणाली तसं लिहिलं. तिने मनुरेवाच्या क्लिनिकमध्ये नोकरी करताना पाहिलंय ना. डॉक्टर म्हटलं की म्हणतात, ही दोन महिन्यांत सोडून जाणार, हिला कशाला घ्या. तिच्या ओळखीच्या दोघींना तसंच परत पाठवलं."

"आणि मधली पंधरा वर्षं? तेव्हा काय करत होतीस म्हणून लिहिलंस?"

"घरी होते. मुलीचं संगोपन."

अनुष्का आधी खो खो हसली. "कोणाचं संगोपन?" असं म्हणाली, आणि मग तिचं हसू आपोआप थांबलं. तिसरीतल्या गॅदरिंगला आई पोचली तेव्हा मांडववाले खुर्च्या एकात एक घालत होते. सातव्या वाढदिवसाचा केक प्रसूतिगृहातल्या आयाबाईंनी कापून वाटला होता, कारण आत कोणाचं तरी बाळ आडवं आलं होतं. त्या वेळी अनुष्काने तक्रार केली नव्हती. आई जीव वाचवते, असं सगळे म्हणायचे, त्यापुढे काय बोलणार? पण निदान ते खरं तरी होतं. आता या बाईने तेच पुसून टाकलं होतं.

"मी सांगणार आहे," गाडीत बसताना ती म्हणाली. "मला बोलायला लावलं ना, तर सगळं खरं सांगून टाकीन."

पापाटोएटोचं स्टेशन मागे पडलं. "सांग हं," विभावरी म्हणाली. "सीट गेली तर जाईल. म्हाताऱ्यांच्या रेस्ट होममध्ये चादरी बदलायचं काम आहेच. तीन वर्षं तेच करतेय, आणखी करीन."

ती चिडून बोलली असती तर अनुष्काला बरं वाटलं असतं.

कॉलेजच्या त्या खोलीत खुर्च्या गोलात मांडल्या होत्या. ट्यूटर 'हिने' नावाची मोठ्या हाडाची, हसऱ्या डोळ्यांची माओरी बाई होती. तिने प्रत्येकाला 'किआ ओरा' म्हणत जवळ घेतलं. एका सामोअन मुलीबरोबर तिची अख्खी फौज आली होती, तिला आणखी चार खुर्च्या लागल्या. एकेक जण गोल वाचत होता, टाळ्या पडत होत्या. विभावरीने आपले वाचले. बी प्लस. सांगतील तेवढंच करणं. वाचताना तिचा आवाज इतका बारीक झाला की हिनेला पुढे वाकून ऐकावं लागलं. अनुष्काने आईचा हा आवाज कधी ऐकला नव्हता. साताऱ्यात तिच्या एका हाकेवर तीन नर्सेस धावत यायच्या.

"पंधरा वर्षं मुलीसाठी घरी राहिलात," ट्यूटर तिचा फॉर्म बघत कौतुकाने म्हणाली. "यालाच मी अनुभव म्हणते. तू सांग, बेटा, अशी आई असणं कसं होतं?"

सगळ्यांनी अनुष्काकडे पाहिलं. विभावरीने पाहिलं नाही. ती कागदावरच्या वाळलेल्या पांढऱ्या डागाची खपली नखाने काढत होती.

अनुष्का उभी राहिली. खरं वाक्य जिभेच्या टोकावर होतं, डिबेटमध्ये पहिलं वाक्य असतं तसं, घोटून घोटून पाठ केलेलं.

"छान होतं," ती म्हणाली. "शाळा सुटली की ती फाटकाशी उभी असायची. छत्री घेऊन, ऊन असलं तरी. माझं दप्तर स्वतःच्या खांद्यावर घ्यायची. घरी गेलं की गरम पोहे. खोबरं वरून नाही, आतच मिसळलेलं, कारण मी वरचं वेचून ठेवायचे. मग विचारायची, आज कोण रडलं वर्गात? रोज हाच प्रश्न. मी रडले असले तरी दुसऱ्या कोणाचं तरी नाव सांगायचे. तिला कळायचं. ती त्या दिवशी साखर जास्त घालायची."

सामोअन मुलीच्या आजीने डोळे टिपले. हिनेने छातीवर हात ठेवला. टाळ्या पडल्या, भरपूर पडल्या, आणि विभावरीचं नाव हजेरीच्या यादीवर पक्कं झालं.

पार्किंगमध्ये अजून लख्ख ऊन होतं. विभावरी गाडीत बसली, पट्टा लावला, पण किल्ली तिने हातातच धरून ठेवली.

"ते पोहे," ती म्हणाली, "कोणाकडचे गं?"

"नीताकाकूंकडचे. आपल्या वरच्या मजल्यावरच्या. त्यांच्या चिरागला शाळेतून न्यायला यायच्या ना, तेव्हा मलाही घेऊन जायच्या."

"रोज?"

अनुष्काने खिडकीची काच खाली केली, मग परत वर केली.

"छे, रोज कुठे? तुझी ओ.पी.डी. असायची त्याच दिवशी."

विभावरीने मान हलवली आणि गाडी सुरू केली. ओ.पी.डी. रविवार सोडून रोज असायची, हे दोघींनाही पाठ होतं.