टोपीवर आलेला आळ

मी एक जुनी गवती टोपी आहे. जुनी म्हणा मित्रांनो, पण फाटकी म्हणू नका. नदीकाठच्या एका म्हातारीने मला विणले आणि एका नावाड्याने डोक्यावर घेतले. मी ऊन झेलायची, तो माणसांना पैलतीरी न्यायचा. "ही टोपी म्हणजे माझं छप्पर," असे तो उतारूंना सांगे, तेव्हा माझ्या गवतालाही मूठभर मांस चढे.

मग त्याच्या हृदयाचे ठोके चुकू लागले. दोन औषधे वाया गेली, तिसरी गोळी लागू पडली. घरात सगळ्यांनी सुटकेचा निःश्वास टाकला. पण थोड्याच दिवसांत त्याचा चेहरा भाजल्यासारखा लाल झाला, मानेवर फोड आले, हातांची सालटी निघाली.

"टोपी विरलीय हो तुमची," बायको म्हणाली. "ऊन गळतंय तिच्यातून."

"ऊन काय पाणी आहे गळायला?" तो हसला, पण नवी टोपी आणलीच. चोर सोडून संन्याशाला फाशी, दुसरे काय! मी खुंटीवर गेले. नव्या टोपीखालीही तो भाजतच राहिला. गोळी मात्र नवरा-बायकोने कधी चुकवली नाही. जिने जीव वाचवला, तिच्यावर संशय कोण घेणार?

फोड चिघळले तेव्हा डॉक्टरीणबाई घरी आल्या.

"काका, हे गोळीमुळे होतंय. ती चालू असताना कातडीला ऊन सोसत नाही. पाण्यावरून उलटून येणारंसुद्धा नाही. हे पहिल्याच दिवशी सांगायला हवं होतं."

"मग दुसरी द्या."

"दुसरी चालली असती तर ही दिलीच नसती. ही सोडलीत तर हृदय दगा देईल."

"आणि होडी?"

बाईंनी उठून खिडकी लावून घेतली.

आता होडी पुतण्या चालवतो. खिडक्यांना जाड पडदे आहेत. मित्रांनो, नवे औषध घेताना 'उन्हात गेलं तर चालेल का?' एवढे विचारत जा. आम्ही वेळेवर विचारले असते तर त्याची कातडी वाचली असती. नदी तरीही सुटलीच असती. खोटा धीर मला देता येत नाही.

काल भर दुपारी त्याने मला खुंटीवरून काढले. मला वाटले, निघालो! तो मला घालून अंधाऱ्या खोलीत पलंगावर बसला. बायको ताट घेऊन आली.

"कुठं निघालात?"

"कुठंच नाही."

तिने माझा काठ नीट केला आणि त्याला वाढले.