सातही भाग लिहून तयार

तापीकाठच्या गोडादरा वस्तीत यंत्रमागांना सुट्टी असली की धर्मेंद्रचं शूटिंग ठरलेलं. त्याच्या अहिराणी सिनेमाचे तीन भाग मोबाइलवर चांगलेच गाजले होते. गोष्ट आधी ठरवतोस की ऐन वेळी सुचते, असं कुणी विचारलं की हा पठ्ठ्या काखेतली दोनशे पानी वही थोपटून म्हणे, "सातही भाग लिहून तयार आहेत!" शुद्ध थाप. रिक्षातून येता येता जे सुचेल, ती त्या दिवशीची गोष्ट. तिसऱ्या भागात मगन नावाच्या नायकाला त्याने तापीत ढकललं, तेही मगनचं काम करणाऱ्या अक्षयला पाळीवर जायची घाई होती म्हणून.

चौथ्या भागात मगनच्या बायकोने कुंकू पुसायचं होतं. ते काम वर्षाचं, आणि वर्षा अक्षयची खरीखुरी बायको. लोकांनी नावं ठेवू नयेत म्हणून धर्मेंद्रनेच नवराबायकोची जोडी घेतली होती. ते शहाणपण आता अंगाशी आलं.

गच्चीवर कॅमेरा लागला आणि अक्षयची आई, उषाबाई, सुनेपुढे आडवी उभी राहिली. "मना पोऱ्या पाचव्या भागमा जित्ता येस ना? लिखेल शे का तुन्या वहीमा?"

"हो काकू, लिखेल शे."

"मंग दखाड. माले वाचता येत नई. वर्षा, तू वाच."

धर्मेंद्रच्या पाचावर धारण बसली. बिंग फुटलं की काकू सुनेला हाताला धरून घरी नेणार, मंडळी पांगणार, सिनेमा इथेच संपणार. त्याने वही दिली. वर्षाने पान उघडलं. कोरं. पुढचंही कोरं. तिने त्याच्याकडे असं भेदरून पाहिलं की त्याने मान फिरवली.

"मगन परत येस," ती मोठ्याने वाचू लागली. "नावाड्यानी त्याले वाचाडेल शे. पाचव्या भागमा तो घर येस."

उषाबाईंनी सूर्याला हात जोडले आणि बाजूला झाल्या. वही परत देताना वर्षा पुटपुटली, "भाऊ, याम्हा तर काहीच नई. माले भ्याव लागस."

राहू दे, नको पुसूस, असं त्याला म्हणायचं होतं. तोंडातून निघालं, "ॲक्शन."

तिचा हात कपाळापर्यंत जाईना. शेवटी तिने डोळे मिटून कुंकू पुसलं. शॉट एका दमात झाला. काय अभिनय, म्हणून सगळ्यांनी टाळ्या पिटल्या, अक्षयनेसुद्धा. 

धर्मेंद्र तडक जिन्यात जाऊन बसला, पेन काढलं आणि वहीत पहिली ओळ लिहिली: 'अक्षय जिवंत आहे.' लिहायचं होतं मगन. चूक दिसली तसं त्याने पेन त्या नावावर नेलं. पण ते खोडायची त्याची छाती झाली नाही.