दोघींची झोप

दुपारचे दोन वाजून पाच मिनिटं झाली होती. तक्त्याप्रमाणे बाळ आता जावयाकडे असायला हवं होतं. तक्तेराव औषधं घेऊन आत आले, तर बाळ मुलीच्या खांद्यावर! दुसऱ्या हाताने तिने ओट्याची कड घट्ट धरली होती, टाके ओढत असले की धरावी तशी.

"अगं, तू का उठलीस? आत्ता ड्यूटी कुणाची?"

"त्याचीच आहे, बाबा. त्याने अंघोळ घातली, कपडे बदलले, सगळं केलं. मग हे रडायला लागलं, म्हणून माझ्याकडे दिलं."

"आणि ओट्यापाशी काय काम?"

"शेजारच्या काकू चार वाजता बाळाला बघायला येणारेत. घरात दूध आहे का बघत होते."

जावई मोरीतून ओले हात झटकत आला. दुपटी भिजत घालत होता बिचारा. त्याला कामचुकार म्हणायची सोय नव्हती.

तक्तेराव हे काही त्यांचं पाळण्यातलं नाव नव्हे. बस डेपोत तीस वर्षं त्यांनी ड्रायव्हर-कंडक्टरांच्या ड्यूट्यांचा तक्ता लावला, तेव्हा हे नाव चिकटलं ते निवृत्तीनंतरही निघालं नाही. मुलीला नववा लागला तसे ते बायकोला घेऊन तिच्या घरी राहायला आले, आणि येताना पट्टी, पेन्सिल आणि लाल शाईचं पेनही घेऊन आले. बाळाची अंघोळ, दुपटी, डॉक्टरांकडची फेरी, आल्यागेल्याचा चहा, सगळ्याला रकाना होता. तक्ता फ्रिजवर लागला तेव्हा जावई म्हणाला होता, "बाबा, आता काही काळजीच नाही." तक्तेराव पाहुण्यांनाही आधी तक्ता दाखवत, मग बाळ.

"अगं, पण मग तक्त्यात चुकतंय कुठे?" त्यांनी विचारलं.

"काही चुकत नाहीये. सगळे आपापली ड्यूटी करतात. फक्त ज्याची संपते तो बाळ माझ्याकडे आणून देतो. माझी कधी संपते, ते कुठे लिहिलंय?" एवढं बोलली आणि तिला रडू फुटलं. "दहा दिवसांत मी सलग दोन तास झोपलेले नाहीये, बाबा."

जावयाने पुढे होऊन बाळ घेतलं आणि तिला आत जाऊन पडायला लावलं. तक्तेराव फ्रिजपुढे जाऊन उभे राहिले. तक्त्यात तीन माणसं होती. ते, जावई आणि बायको. मुलीचं नाव कुठेच नव्हतं.

त्यांना अगदी मेल्याहून मेल्यासारखं झालं. लांब पल्ल्याची गाडी आणलेल्या ड्रायव्हरला आठ तास झोप मिळाल्याशिवाय पुन्हा गाडी द्यायची नाही, या नियमासाठी ते थेट डेपो मॅनेजरशी भांडले होते. "गाडी उभी राहिली तरी चालेल साहेब, पण झोप न झालेला माणूस मी चाकावर बसवणार नाही," असं म्हणाले होते. तो किस्सा ते आजही रंगवून सांगत. आणि इथे पोटची पोर दहा दिवस चाकावर होती.

त्यांनी कोरा कागद घेतला. पहिली ओळ मुलीची. दुपारी दोन ते पाच आणि पहाटे तीन ते सात, दोन्ही रकान्यांवर लाल रेघ. डेपोत लाल रेघेतल्या माणसाला कुणीही हाक मारायची नसे. बाळाला भूक लागली तरच उठवायचं, आणि पाजून झालं की बाळ परत ज्याच्या ड्यूटीवर त्याच्याकडे. पाहुणे बंद. चहा तर मुळीच नाही.

"आता बरोबर आहे का बघ," त्यांनी बायकोला हाक मारली.

ती धुतलेल्या कपड्यांच्या घड्या घालत होती. खांद्यावर दुपटं टाकून आली आणि तिने तक्ता वाचला. "चांगला झालाय. पोरीला झोप मिळेल." मग प्रत्येक ओळीच्या शेवटी बोट ठेवत विचारलं, "हे राखीव म्हणजे?"

"राखीव म्हणजे... कुणी आलं नाही, कुणाला जमलं नाही, की तो माणूस."

"त्याची सुट्टी कधी असते हो?"

तक्तेरावांनी तिच्या बोटामागून एकेक ओळ पाहिली. सगळ्या ओळींत राखीव तीच होती.

"राहू दे. मला सवय आहे," ती म्हणाली. तिच्या आवाजात राग नव्हता, तेच त्यांना जास्त लागलं. "हिच्या वेळी सहाव्या दिवशी मी धुणं घेऊन बसले होते. तुम्ही ड्यूटीवरून आलात, माझ्याकडे बघितलंत आणि म्हणालात, 'बरी दिसतेस.'"

"मी असं म्हणालो?"

"म्हणालात. मग मी उठून तुमचं पान वाढलं."

तक्तेरावांना ते आठवत नव्हतं. डेपोतल्या दोनशे माणसांच्या रजा त्यांना तोंडपाठ होत्या, आणि हे एक आठवत नव्हतं. त्याची त्यांना मनापासून लाज वाटली. त्यांनी खोडरबर घेऊन राखीवचा अख्खा रकाना पुसला आणि तिथे स्वतःचं नाव लिहिलं. खाली आणखी एक ओळ आखली. बायकोच्या झोपेची. आजच्याच दुपारवर लाल रेघ मारली.

"काहीतरीच तुमचं! कपडे कोण..."

"लाल रेघेत बोलायचं नसतं. जा, पड जरा."

ती "पाच मिनिटंच हं" म्हणत मुलीच्या शेजारी आडवी झाली. थोड्या वेळाने त्यांनी दारातून डोकावून पाहिलं. दोघींना गाढ झोप लागली होती. बायकोच्या खांद्यावरचं दुपटं तसंच होतं. जागी होईल म्हणून त्यांनी ते काढलं नाही.

जावई दूध आणायला गेला होता. बरोबर चार वाजता दारावरची बेल वाजली. बाळाला छातीशी धरून तक्तेरावांनी दार अर्धंच उघडलं. शेजारच्या काकू हातात झबलं घेऊन उभ्या होत्या.

"बाळंतीण कशी आहे?" त्यांनी विचारलं.

"हळू बोला," तक्तेराव म्हणाले. "दोन्ही बाळंतिणी झोपल्यात."