कोणास हरकत असल्यास

“लग्नाची तारीख?”

“ताई, तुला माहीत नाही?”

“फॉर्म घेताना विचारावं लागतं.”

“चौदा जून. संध्याकाळी सहा वाजता, समुद्राकडे तोंड करून. लिही हेही.”

“वेळेला रकाना नाही,” ताई म्हणाली आणि तिने खिडकीच्या काचेखालून फॉर्म आत ओढला.

विवाह नोंदणी कार्यालयात तीन नंबरच्या खिडकीवर बसणाऱ्या या बाईला सगळे ‘दाखलेबाई’ म्हणत. परदेशात जाऊन लग्न करायचं तर तिथलं सरकार आधी विचारतं, की तुमचं इथे आधीच लग्न झालेलं नाही ना? त्याचं उत्तर म्हणजे अविवाहित असल्याचा दाखला. तो ही बाई देई. सोळा वर्षं देत होती. आज खिडकीच्या पलीकडे तिचीच धाकटी बहीण उभी होती. वय सव्वीस, घरात अजून छोटी.

“अय्या, तू अजून भिंतीवरच आहेस!” छोटीने मान वाकडी करून आत पाहिलं. दाखलेबाईच्या डोक्यामागे चौकटीत एक जुना दाखला लावलेला होता. लोकांनी त्यात बघून आपला फॉर्म भरावा म्हणून. त्यावर ताईचं नाव, ताईचा पंचविशीतला फोटो आणि आडवा निळा शिक्का: नमुना. “काय लाजतेयस गं फोटोत! साहेब होते का समोर?”

“जन्मदाखला दे.”

“देते गं. तुझ्या खिडकीत आलं की तू एकदम परकी होतेस.”

कागद बरोबर होते. शेवटचं एक काम उरलं होतं. दाखलेबाईची एक सवय सगळ्या कार्यालयाला माहीत होती. फॉर्म उलटा करायचा, मागे कोपऱ्यात पेन्सिलने लग्नाची तारीख लिहायची आणि तिथून नव्वद दिवस मागे मोजायचे. बहुतेक देशांत हा दाखला नव्वद दिवसच चालतो. जास्त आधी आलेल्यांना ती परत पाठवे. “घाई करू नका, अमुक तारखेनंतर या,” असं सांगे. नियमात हे कुठेच नव्हतं, तिने स्वतःहून सुरू केलेलं होतं.

आज सोळा फेब्रुवारी. नोटीस फळ्यावर पंधरा दिवस राहणार, म्हणजे दाखला तीन मार्चला. त्यात नव्वद मिळवले की एक जून. चौदा जूनला तेरा दिवस कमी. पेन्सिल न उचलताच हिशोब डोक्यात होऊन बसला.

“साक्षीदार कोण आहेत?” तिने विचारलं.

“त्याचा भाऊ आणि माझी मैत्रीण. तुझंच नाव घालणार होते गं, पण बाबांच्या मागे आईजवळ कोणीतरी हवं ना. तिला विमान झेपायचं नाही. तुम्ही दोघी फोनवर बघा. मी कॅमेरा अस्सा मधोमध लावायला सांगितलाय.”

आईजवळ कोणीतरी हवं. ते कोणीतरी कोण, हे या घरात कधी विचारावं लागलं नव्हतं.

दाखलेबाईने फॉर्म उलटा केला नाही. सरळच ट्रेमध्ये ठेवला आणि म्हणाली, “पुढचे.”

शिपाईकाकांनी दुपारी नोटीस फळ्यावर लावली आणि काच सरकवून कुलूप घातलं. नोटिशीत दोघांची नावं, पत्ते आणि खाली नेहमीचं वाक्य: या विवाहास कोणास हरकत असल्यास पंधरा दिवसांत लेखी कळवावे. घरी जाताना दाखलेबाई फळ्यासमोर थांबली. सोळा वर्षांत एकच हरकत आली होती, तीही घरमालकाची, भाडेकरू न सांगता जाईल म्हणून.

तिची हरकत लिहून देण्यासारखी नव्हती. काय लिहिणार? की हिला सगळं मागायच्या आधी मिळतं? की हिने वर्गात नापास होऊनही घरात पेढे वाटल्यासारखं कौतुक करून घेतलं, आणि मी पहिली आले तेव्हा वडील म्हणाले, बरं झालं, आता नोकरीला लाग? की त्या फोटोत मी साहेबांकडे बघून लाजत नव्हते?

भिंतीवरचा दाखला नमुना म्हणून काढलेलाच नव्हता. तेरा वर्षांपूर्वी तो खरा होता. एक मुलगा होता, नोकरीसाठी परदेशी गेलेला. लग्न तिकडेच करायचं ठरलं होतं. घरात फक्त आईवडिलांना माहीत होतं. दाखला हातात पडला त्याच आठवड्यात वडिलांच्या अर्ध्या अंगावरून वारं गेलं. आई एकटी, छोटी आठवीत. नव्वद दिवसांतले साठ दवाखान्याच्या बाकावर गेले, उरलेले त्यांना कुशीवर वळवण्यात. पुन्हा दाखला काढू, असं तो फोनवर दोनदा म्हणाला. तिसऱ्यांदा त्याने हवापाणी विचारलं. पुढे साहेबांना भिंतीवर लावायला एक भरलेला दाखला हवा होता. लोकांचा लावता येत नाही, तेव्हा तिने आपला काढून दिला. मुदत संपलेला कागद, कुणाच्या काय कामाचा? घरात या सगळ्याला ‘ते जमलं नाही’ एवढंच नाव होतं.

तीन मार्चला काका नोटीस काढून घेऊन आले. “बाई, हरकत कोणाचीच नाही. साखर वाटा.”

तिने दाखल्यावर सही केली. सही नेहमीसारखी आली.

मग रोज मनात एक तारीख मागे मागे सरकू लागली. नवा दाखला काढायचाच झाला तर पंधरा दिवस नोटीस, आठ दिवस मंत्रालयाचा शिक्का, चार दिवस भाषांतर, तीन दिवस कुरियर. तिकडच्या नगरपालिकेत पंधरा मेपर्यंत अस्सल कागद पोचायला हवेत. म्हणजे पंधरा एप्रिलला तरी अर्ज हवा. तोवर बोलायला वेळ आहे, असं ती स्वतःला सांगे. घरी छोटीने हॉटेलचे फोटो दाखवले की ती म्हणे, “छान आहे.” पाण्याचा रंग खरंच छान होता, म्हणून जास्तच राग येई. तिने विचारलं नाही मला, फॉर्मसोबतच्या यादीतलं मुदतीचं कलम चार तिने वाचायला हवं होतं, सव्वीस वर्षांची घोडी झाली, माझ्या वेळी कुणी मोजून दिले होते दिवस? अशी एकेक उत्तरं ती भांडी विसळताना तयार ठेवी. विचारणारं मात्र कुणी नव्हतं.

चौदा एप्रिलला छोटी नवे पांढरे बूट घालून स्वयंपाकघरात फिरत होती. आई खुर्चीवर बसून शेंगा सोलत होती.

“वाळूत रुततील,” आई म्हणाली.

“फोटो काढेपर्यंत टिकले की बास.” छोटी ओट्याला टेकली. “ताई, खरं सांग, तुला कधी लग्न करावंसं वाटलंच नाही?”

आईच्या हातातली शेंग तशीच राहिली.

“वेळ नाही मिळाला,” ताई म्हणाली.

“काहीतरीच! पण एक बरंय हं. त्याच्या ऑफिसातल्या एकाचं लग्न तिकडे ऐनवेळी कागदावरून अडलं. सगळं वऱ्हाड बसलंय नटून, आणि तिथला अधिकारी म्हणतो कागद चालणार नाही. हा घाबरला ना! मी म्हटलं, बाबा रे, बाकी कशाचंही टेन्शन घे, कागदांचं नको. आमच्या ताईच्या सहीचा कागद आजवर कुठे अडला नाही.”

ताईचा हात नळाखाली तसाच राहिला. तो अधिकारी तिच्या डोळ्यांपुढे आला. चष्म्यावरून बघणारा, तिच्याच जातीचा माणूस. दाखला उलटसुलट करील, तारखेवर बोट ठेवील, बोटांवर मोजील. मग खालची सही वाचील आणि शेजारच्याला दाखवील: बघ, यांना मोजताही येत नाही.

बहिणीचं रडणं तिने महिनाभर मनात रंगवून पाहिलं होतं आणि ते सोसलं होतं. हे मात्र सोसवेना.

“उद्या दहा वाजता ऑफिसला ये,” ती नळ बंद करत म्हणाली. “त्यालाही आण. पुन्हा सह्या लागतील.”

“का?”

“दाखला चुकलाय. तेरा दिवस कमी पडतात.”

दुसऱ्या दिवशी छोटी खिडकीवर आली ती डोळे सुजवून. होणारा नवरा खाली गाडी लावत होता.

“कळलं कधी तुला?”

दाखलेबाईने नवा फॉर्म काचेखालून बाहेर सरकवला. ट्रेमध्ये त्या दिवशीचे सात-आठ फॉर्म पालथे पडले होते. प्रत्येकाच्या कोपऱ्यात पेन्सिलच्या दोन तारखा. छोटीची नजर त्यांच्यावरून फिरली. मग तिने पिशवीतून दाखल्यासोबत मिळालेली आपल्या जुन्या अर्जाची पाठपोट प्रत काढली आणि उलटून पाहिली.

“माझ्यावर नाही लिहिलंस.”

“नाही.”

“विसरलीस?”

मागे रांगेत कुणीतरी खाकरलं.

“नाही,” दाखलेबाई म्हणाली.

छोटीची नजर वर गेली, भिंतीवरच्या चौकटीकडे, आणि या वेळी ती फोटो बघत नव्हती. दाखल्यावरची तारीख वाचत होती. ते वर्ष वाचत होती. आपण तेव्हा आठवीत होतो, आणि बाबांची खाट बाहेरच्या खोलीत आली होती. तिने एकदा ताईकडे पाहिलं, एकदा चौकटीकडे. मग तिने नवा फॉर्म उलटा केला आणि काचेखालून आत सरकवला.

“लिही,” ती म्हणाली. आवाज चांगलाच रागीट होता.

दाखलेबाईने पेन्सिल घेतली. चौदा जून. त्याखाली सोळा मार्च. “आता बसतंय,” ती म्हणाली. “तीस एप्रिलला ये.”

तीस एप्रिलला नवा दाखला तयार झाला. जुना परत घेऊन रद्द करायचा असतो. छोटीने तो काचेखालून दिला. दोन आठवडे दोघी घरात मीठ-तेलापुरतं बोलत होत्या.

“याचं काय करतात?”

“फाडतात.”

“फाडू नको. तिथे लाव.” छोटीने हनुवटीने चौकट दाखवली. “तेरा वर्षं येणारा-जाणारा बघतोय तुला. पुरे झालं.”

ती गेली. काकांनी स्टुलावर चढून चौकट उतरवली, मागचे खिळे वाकवले आणि जुना दाखला काढून दिला. तुमची नोटीसही मीच लावली होती, असं ते म्हणाले नाहीत. पण काच त्यांनी जरा जास्तच वेळ पुसली. दाखलेबाईने आपला कागद उलटा करून पाहिला. मागची बाजू कोरी होती. तिने तो घडी न घालता पर्समध्ये ठेवला.

मग छोटीचा दाखला समोर घेतला. फोटोत छोटी दात दाखवून हसत होती. कुणाकडे बघून, ते सगळ्यांना माहीत होतं. आता ही जागाही तिचीच. दाखलेबाईने निळ्या शाईच्या गादीवर शिक्का टेकवला आणि छोटीच्या नावावर आडवा मारला, लागतो त्यापेक्षा बऱ्याच जोराने.

काकांनी चौकट पुन्हा अडकवली. भिंतीवरच्या फिकट चौकोनात ती बरोबर बसली.

“सरळ आहे ना, बाई?”

“डावीकडे थोडी,” ती मागे न बघताच म्हणाली, आणि पुढचा फॉर्म उलटा केला.