भाऊजींचं ‘बरं’

आपल्या भाषेतला ‘बरं’ हा शब्द मोठा बेरकी आहे. ताप उतरला की बरं, कुणी काम सांगितलं की बरं, आणि बोलणाऱ्याचं तोंड बंद करायचं असलं तरी बरंच. भाऊजींनी गेली चार वर्षं या एका शब्दावर काढली होती. वहिनींनी जेवायला हाक मारली की बरं, दिवा घालवते म्हटलं की बरं, डॉक्टर बदलू या म्हटलं तरी बरं. त्यांच्याशी भांडायचं तर दुसऱ्या बाजूने बोलायला माणूस उसना आणावा लागला असता.

एके काळी हाच माणूस चष्म्याच्या दुकानात काचा बसवायचा. “चष्मा सरळ आहे, तुमचं नाक वाकडं आहे,” असं गिऱ्हाइकाला तोंडावर सांगायचा आणि तरी गिऱ्हाईक हसत जायचं. मग एक दिवस कामाला जायचं राहिलं, आणि राहिलं ते राहिलंच. कारण शोधून सगळे थकले. गोळ्या बदलल्या. एकीने वजन वाढलं, दुसरीने हात थरथरायला लागले. भाऊजी मागच्या खोलीत भिंतीकडे तोंड करून पडलेले ते पडलेलेच.

थोरला भाऊ, म्हणजे वहिनींचा नवरा, लांब पल्ल्याचा ट्रक चालवायचा. धाकट्याची ही दशा त्याला बघवत नसे, म्हणून तो बघतच नसे. घरी आला की दोन रात्री पाठ टेकायचा आणि पुन्हा गाडी काढायचा. राहता राहिल्या वहिनी. त्या पुढच्या खोलीत शिलाई मशीनवर लोकांच्या पँटी आखूड करत, चेनी बदलत, आणि एक कान कायम मागच्या खोलीकडे ठेवत. आवाज चढवायचा नाही, वाईट बातमी सांगायची नाही, चेष्टा करायची नाही, असे नियम त्यांनीच घरात घालून घेतले होते. नियम पाळून पाळून त्या इतक्या दमल्या होत्या की ‘दमले’ म्हणायचंही त्यांच्या जिवावर यायचं.

शेवटी नव्या डॉक्टरीणबाईंनी केटामाइनचं नाव काढलं.

“भूल देताना वापरतात, ते औषध. आपण अगदी थोडं देतो, सलाईनमधून. गोळ्यांना दाद न देणाऱ्या काहींना याने फरक पडतो. सगळ्यांना नाही. सहा वेळा देऊन बघू. फरक दिसला तर पुढे चालू, नाहीतर थांबू.”

“आणि थांबल्यावर?” वहिनींनी विचारलं.

“मग बसून दुसरं काही बघू,” बाई म्हणाल्या.

मग आठवड्यातून दोनदा दोघांची वारी त्याच खोलीत. मागे कलणारी खुर्ची, ओढलेले पडदे, बोटाला चिमटा, दंडाला रक्तदाबाचा पट्टा. औषध अंगात भिनलं की भाऊजींचे डोळे अर्धवट मिटायचे. एकदा म्हणाले, “माझे पाय फार लांब गेलेत.” नर्स म्हणाली, “येतील हो परत, त्यांना कुठे जायचंय?” वहिनींना फसकन हसू आलं आणि नियम आठवून त्यांनी ते तिथेच गिळलं. औषध उतरेपर्यंत थांबायचं, मग भाऊजींना धरून टॅक्सीत बसवायचं, दिवसभर त्यांना एकटं सोडायचं नाही. त्या दिवसांत शिवायचे कपडे खुर्चीवर ढीग होऊन पडत.

सहा वेळा झाल्या. आज सलाईन नव्हती, नुसती तपासणी. पुढे जायचं की थांबायचं, ते आज ठरणार होतं.

“काय मग, कसं वाटतंय आता?” डॉक्टरीणबाईंनी विचारलं.

“बरं,” भाऊजी म्हणाले.

बाईंचा चेहरा खुलला. “छान! मग चालू ठेवू या.”

“बरं.”

वहिनींनी नुसती मान हलवली की झालं, औषध चालू राहणार होतं आणि आशाही. खरं सांगितलं तर आजच सगळं थांबणार. आणि थांबलं तर आठवड्याचे दोन दिवस आपल्याला मिळतील, हेही त्यांच्या मनात येऊन गेलं. त्याची त्यांना लाज वाटली. मग आपण बोलतोय ते भाऊजींसाठी की स्वतःसाठी, हे काही त्यांना कळेना.

“डॉक्टर,” त्या म्हणाल्या, “हे बरं, ते बरं नाही.”

“म्हणजे?”

“बरं वाटतंय म्हणून बरं नाही. तुम्ही म्हणताय तर बरं, त्यातलं आहे. नाक कापते म्हणालात तरी बरंच म्हणतील.”

बाईंनी पेन खाली ठेवलं आणि भाऊजींकडे वळल्या. “वहिनी म्हणतात ते खरं?”

“खरं आहे,” भाऊजी म्हणाले. मग म्हणाले, “पण सगळं नाही. परवा सकाळी यांचं मशीन खडखडत होतं. पट्टा सैल झालाय. या आपल्या तशाच दामटतायत. मला राग आला.”

“राग आला?”

“हो. उठून सांगावंसं वाटलं. सांगायचं काही जमलं नाही, पण दारापर्यंत गेलो. तोवर या मशीनवर डोकं टेकून झोपल्या होत्या. वाटलं, मी बरा आहे म्हटलं तर या तरी माझ्या काळजीतून सुटतील.”

आता मात्र वहिनींचे सगळे नियम एकदम गेले.

“कुठून सुटतील? तुम्ही ‘बरा झालो’ म्हणून भिंतीकडे तोंड करून पडणार, आणि मी काय पेढ्यासारखी वाटत फिरू ती बातमी? चार वर्षांत एक वाक्य बोलला नाहीत भाऊजी, आणि बोललात ते खोटं!”

“खोटं कसं? एकच तर शब्द होता.”

“शब्दावर जाऊ नका!”

“आणि तुम्ही आधी तो पट्टा बदला!”

डॉक्टरीणबाईंनी दोघांनाही थांबवलं नाही. भांडण आपोआप संपलं तेव्हा त्या म्हणाल्या, “फरक आहे, पण थोडा आहे. राग आला, दारापर्यंत गेलात, हे मी धरते. पुढचं वचन देत नाही. आणखी दोनदा देऊन बघायची माझी तयारी आहे. तुम्हाला हवंय का?”

“हवंय,” भाऊजी म्हणाले.

“सोबत कोण येईल?”

सवयीने वहिनींनी तोंड उघडलं, पण ‘मी’ काही बाहेर पडेना.

“मी नाही येणार,” त्या म्हणाल्या, आणि आपल्याच आवाजाने दचकल्या. “माझ्याच्याने होत नाही आता. खरंच नाही होत.”

त्यांना रडू आलं. ते आवरायचीही ताकद उरली नव्हती. भाऊजींनी हात पुढे केला.

“तुमचा फोन द्या जरा.”

नंबर त्यांनीच शोधला, त्यांनीच लावला. रिंग बराच वेळ वाजली. मग इंजिनाच्या घरघरीतून वहिनींच्या नवऱ्याचा आवाज खोलीतल्या सगळ्यांना ऐकू येईल इतका मोठ्याने आला.

“हां, बोल गं. काय म्हणतोय तो?”

भाऊजींनी घसा खाकरला.

“तोच बोलतोय, दादा. घरी ये.”