गुद्रूनचं रोप

"उलटं धर. आता झटक. अगं, बाळ नव्हे ते, जोरात झटक!"

मी रोप झटकलं. थेंब व्हेर्नरच्या स्वेटरवर उडाले.

"हवेवर जगतात म्हणे! हवेवर कोण जगतं, पोरी? शनिवारी अर्धा तास पावसाच्या पाण्यात बुडव. नळाचं नको, त्यात चुना असतो. मग झटकून चार तास टॉवेलवर उलटं वाळव. पाणी साचलं की आतून सडतं."

व्हेर्नर आमच्या खालच्या मजल्यावर राहत. अडतीस वर्षं त्यांनी साखर कारखान्यात बीटाच्या गाड्यांचं वजन केलं होतं. आता खुब्याच्या ऑपरेशनसाठी दोन आठवडे इस्पितळात निघाले होते, रोप माझ्यावर सोपवून. त्यांच्या खिडकीत तारेला टांगलेलं ते बिनमातीचं एअर प्लांट गुद्रूनने, त्यांच्या बायकोने, एकोणीस वर्षांपूर्वी आणलेलं. ते कधीच फुललं नव्हतं. गुद्रून मागच्या वसंतात गेली, आणि या जानेवारीत त्याची मधली पानं लाल व्हायला लागली.

"फूल येणार. जन्मात एकदाच येतं," व्हेर्नर म्हणाले. "तिला नाही दिसलं. मी तरी बघतो."

पहिला शनिवार नीट पार पडला. दुसऱ्या शनिवारी रोप टॉवेलवर ठेवलं आणि सवयीने व्हेर्नरच्या खोलीच्या दोन्ही खिडक्या सताड उघडल्या. बाहेर उणे सहा. पण रोज दहा मिनिटं घरात वारा खेळवल्याशिवाय आम्हाला चैन पडत नाही. माझी लेक आस्ता खाली अंगणात, बाबागाडीत, पिसांच्या दुलईत झोपली होती. इथली सगळीच बाळं अशी बाहेर झोपतात. बाळाचा आवाज ऐकवणाऱ्या खिशातल्या यंत्रातून तिचा खोकला ऐकू आला. कुत्रं भुंकावं तसा. मी धावले. तिच्या श्वासाची शिट्टी वाजत होती.

दोन रात्री आम्ही इस्पितळात काढल्या. सोमवारी जिन्यातच आठवलं. मी व्हेर्नरचं दार उघडलं. खिडक्या तशाच उघड्या होत्या. रोप गोठून काचेसारखं कडक झालेलं. दुपारपर्यंत ते उकडलेल्या कांद्यासारखं लिबलिबीत झालं.

रोपवाटिकेतली बाई फोनवर म्हणाली, "मधलं पान ओढून बघा. हातात आलं तर संपलं."

मी ओढलं नाही. गुरुवारपर्यंत नाही. गुरुवारी व्हेर्नर कुबड्यांवर घरी आले, आणि त्यांनीच ओढलं. सगळा गाभा हातात आला.

"खिडकी?"

"हो. दहाच मिनिटं म्हणून... आस्ता खाली खोकत होती, आणि मी..."

"कशी आहे ती?"

"बरी आहे."

"मग झालं."

"मी दुसरं आणते, व्हेर्नर. अगदी असंच."

"कुणासाठी?"

टोमणा नव्हता. त्यांना खरंच माहीत नव्हतं.

ते टेबलाशी बसले. चष्मा लावून अंगठ्याच्या नखाने एकेक कुजकं पान सोलत गेले, अगदी आतपर्यंत. तपकिरी लगद्यात तांदळाच्या दाण्याएवढी मिटलेली कळी होती. ती त्यांनी बोटावर घेऊन उजेडात धरली.

"जांभळं होतं," ते म्हणाले.