चाळिसाव्या मिनिटाचा बिघाड

रेडिओ केंद्रात तेहेतीस वर्षं यंत्रं सांभाळून इंजिनियरबाई निवृत्त झाल्या आणि पुढच्या दीड वर्षात त्यांची आई गेली. लग्न त्यांनी केलं नव्हतं. आई अंथरुणाला खिळलेली होती तोवर त्यांना मान वर करायला फुरसत नव्हती. आता फुरसतच फुरसत होती, आणि तिचं काय करायचं ते त्यांना ठाऊक नव्हतं. आईची खाट हलवून त्या जागी त्यांनी लांब टेबल मांडलं, सोल्डरिंग आयर्न, मीटर, स्क्रूड्रायव्हर लावून ठेवले, आणि दारावर पाटी लावली : जुने रेडिओ व अ‍ॅम्प्लिफायर दुरुस्त करून मिळतील. तीन महिन्यांत दोन रेडिओ आले. एकाचा मालक तर न्यायलाच आला नाही.

मग एका दुपारी चार वाजता चष्मेवाले आले. चौकातलं चष्म्याचं दुकान त्यांनी चाळीस वर्षं चालवलं होतं. आता ते बंद झालं तरी लोक त्यांना चष्मेवालेच म्हणत. वय पंचाहत्तरीचं, शर्टाची गुंडी गळ्यापर्यंत लावलेली. चाकांच्या पिशवीतून त्यांनी आणलेला अ‍ॅम्प्लिफायर पाण्यानं भरलेल्या दोन बादल्यांइतका जड होता.

"डावी बाजू मुकी होते," ते म्हणाले. "पण लगेच नाही. आधी झकास वाजतो. मग आतून टक् असा आवाज येतो, की डावा स्पीकर गप्प."

"किती वेळानं?"

"एका रेकॉर्डच्या दोन्ही बाजू ऐकून होतात."

"म्हणजे चाळीस मिनिटं. तापल्यावर होतंय." बाईंनी झाकणाचे स्क्रू काढायला घेतले. "हे दातदुखीसारखं असतं, काका. डॉक्टरच्या खुर्चीत बसलं की थांबते. वेळ लागेल. घाई आहे का तुम्हाला?"

"मला कसली घाई," चष्मेवाले म्हणाले.

आत बोटभर धूळ होती. बाईंनी ती कुंचल्यानं झाडली, आणि एकदम जळू नये म्हणून विजेच्या वाटेत शंभर वॅटचा बल्ब जोडून अ‍ॅम्प्लिफायर चालू केला. बल्ब क्षणभर पेटला आणि विझत गेला. "मोठं काही जळलेलं नाही," त्या म्हणाल्या. मग दोघं चाळीस मिनिटं वाट पाहत बसली. एकेचाळिसाव्या मिनिटाला टक् झालं.

दुसऱ्या दिवशी चारच्या ठोक्याला बेल वाजली. "सहज आलो," चष्मेवाले म्हणाले आणि न सांगता टॉर्च धरून उभे राहिले. त्यांचा हात जराही हलत नव्हता. प्रकाश नेमका हवा तिथे पडे, बाईंची सावली मध्ये येऊ न देता. बाईंनी आधी रिले साफ केला, म्हणजे आत टक् करणारी ती छोटी डबी. फरक पडला नाही. तिसऱ्या दिवशी फुगलेले दोन कपॅसिटर बदलले. स्पीकरमधली बारीक घरघर गेली, बिघाड तिथंच. प्रत्येक उपायानंतर चाळीस मिनिटं बसावं लागे. चष्मेवाले विचारत, "हे काय? ते कशाला?" आणि बाई सांगत. त्या खोलीत गेल्या कित्येक महिन्यांत कुणी त्यांना काही विचारलं नव्हतं.

चौथ्या दिवशी सकाळी, एकट्या असताना, बाईंनी केस वाळवायच्या यंत्रानं एकेक भाग तापवला आणि पेन्सिलीच्या मागच्या टोकानं हळूच ठोकून पाहिला. डावीकडच्या एका ट्रान्झिस्टरला ठोकलं आणि टक्. भिंगातून पाहिलं तर त्याच्या पायाभोवतीच्या झाळकामाला, म्हणजे सोल्डरिंगला, केसासारखी बारीक गोल चीर. तापलं की ती उघडत होती. बाईंनी ते जुनं झाळकाम काढून नवं केलं, आणि यंत्र तीन तास चालवलं. ते गुमान चाललं.

त्यांनी फोन उचलला. मग ठेवून दिला.

चारला बेल वाजली. "काही सापडलं?" चष्मेवाल्यांनी चप्पल काढता काढता विचारलं.

"अजून नाही," बाई म्हणाल्या.

केंद्रातल्या नोंदवहीत तेहेतीस वर्षांत त्यांनी एक अक्षर खोटं लिहिलं नव्हतं. आता मात्र जीभ कशी सराईतासारखी चालली. त्या दिवशी यंत्र चाळीस मिनिटं चाललं, पन्नास चाललं. "असले बिघाड लपून बसतात," बाई म्हणाल्या. "उद्या पाहू." असं सहा दिवस झालं. सकाळी त्या केस नीट विंचरू लागल्या, दोन कप आधीच काढून ठेवू लागल्या, आणि चष्मेवाले गेल्यावर स्वतःची लाज वाटून ताट न जेवताच झाकून ठेवू लागल्या.

या सहांतल्या पाचव्या दिवशी चष्मेवाले चष्मा पुसत म्हणाले, "माझ्या दुकानात एक गृहस्थ दर आठवड्याला यायचे. म्हणायचे, दांडीचा स्क्रू सैल झालाय. कधीच झालेला नसायचा. मी आपला फिरवल्यासारखं करायचो." बाईंनी चमकून पाहिलं. यांना कळलंय? पण चष्मेवाले काचेवर फुंकर मारण्यात गुंग होते.

पहिल्या खोट्यापासून सातव्या दिवशी, गुरुवारी, ते पिशवी घेऊनच आले.

"नेतो आता. आहे तसाच. रविवारी मुलगी न्यायला येतेय. घर सोडतोय मी."

"पण तुम्ही तर म्हणालात, घाई नाही."

"घाई म्हटलं असतं तर तुम्ही घाईत केलं असतं. घाईत काढलेल्या चष्म्याच्या नंबरानं माणूस जिन्यावरून पडतो. माझं एवढंच होतं, की मुलीकडे जागा नाही. हे सगळं एका शाळेला द्यायचंय. त्याआधी सगळ्या रेकॉर्डी शेवटच्या एकदा ऐकायच्या होत्या. साठ आहेत. रोज सहा, म्हणजे दहा दिवस. पण राहू दे, एका बाजूनं ऐकीन."

बाई खुर्चीचा हात धरून उभ्या राहिल्या. "तो दुरुस्त झालाय, काका. झाले सहा दिवस."

चष्मेवाल्यांनी वर पाहिलं.

"तुम्ही रोज येत होतात," बाई म्हणाल्या. "म्हणून सांगितलं नाही."

त्यांनी वाकून पिशवीचं तोंड उघडलं. मग मनाशी म्हटल्यासारखं म्हणाले, "सहा दिवसांत छत्तीस झाल्या असत्या." आवाजात राग नव्हता, आणि तेच बाईंना सोसवेना. त्या मदतीला पुढे झाल्या तर "नको" म्हणून त्यांनी एकट्यानं यंत्र पिशवीत घातलं. जिन्यावर प्रत्येक पायरीला चाकं आपटत गेली. बाई दारात उभ्या राहून ऐकत राहिल्या.

शुक्रवार त्यांनी घरात येरझाऱ्या घालत काढला. शनिवारी सकाळी मात्र त्या उठून चष्मेवाल्यांच्या घरी गेल्या. दार उघडंच होतं. भिंतींवर फोटो काढलेल्या जागी फिकट चौकोन दिसत होते. खोकी गच्च बांधलेली. मधोमध स्पीकर, आणि चष्मेवाले एका खोक्यावर बसलेले. ते उठले नाहीत, बसा म्हणाले नाहीत, पण दुसरं खोकं त्यांनी पायानं थोडं पुढे सरकवलं.

"डावी बाजू ठीक आहे ना, बघा," थोड्या वेळानं ते म्हणाले.

बाईंनी डोळे मिटून ऐकलं. "ठीक आहे."

"हं. आता निवडावं लागतंय. माझ्यानं होत नाही. तुम्हीच काढा कुठलीही, पाकीट न बघता."

बाई गठ्ठ्यात हात घालून रेकॉर्डी काढत गेल्या. अंधार पडेपर्यंत चौदा झाल्या. मध्ये चष्मेवाल्यांनी चहा केला, एकच कप उरला होता म्हणून स्वतः वाटीत घेतला. निघताना बाई म्हणाल्या, "माझं चुकलं."

"हो," ते म्हणाले. "राग आलाय मला. अजून आहे थोडा." मग दारापर्यंत येऊन म्हणाले, "उद्या दहाला गाडी येईल. या."

रविवारी शाळेची माणसं सामान घेऊन गेली, आणि मुलीनं वडिलांना गाडीत बसवलं. चष्मेवाल्यांनी काच खाली केली, पण गाडी सुरू झाली आणि काय म्हणाले ते बाईंना नीट ऐकू आलं नाही. मुलीनं जाताना घराची किल्ली बाईंकडे दिली होती. घरमालक दुपारी येणार होता. तेवढ्या खिडक्या लावून घ्याल का, असं ती म्हणाली होती.

बाई वर चष्मेवाल्यांच्या रिकाम्या घरात गेल्या. तीन खिडक्या सहज लागल्या. चौथीची कडी गंजलेली होती. दोन्ही हातांनी दाबून धरली तेव्हा कुठे ती बसली.